देणगीदारांची वही

प्रिय मुली,

अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं. वसतिगृहाच्या देणग्यांचं काम तुझ्याकडे आलं, विश्वस्तांनी यंदाचा आकडा वाढवून मागितला, आणि आता कुठलं सॉफ्टवेअर घ्यावं, असं तू विचारतेस. सॉफ्टवेअरचं नंतर बघू. आधी कपाटातली मागची पावतीपुस्तकं बाहेर काढ आणि स्थळप्रती, म्हणजे पावत्यांच्या आपल्याकडे राहिलेल्या प्रती, एकेक करून वाच. तुमच्याकडे एक्सेलमध्ये कुणीतरी भरून ठेवलेली यादी आहे ना, ती शेजारी उघडी ठेव.

पावतीवर लिहिलेलं असेल: "कै. मातोश्रींच्या स्मरणार्थ, मुलींच्या वह्यापुस्तकांसाठी, रु. ५,०००." यादीत त्याच देणगीपुढे आडनाव, ५,००० आणि "जनरल" एवढंच असेल. मातोश्री गळल्या, वह्यापुस्तकं गळली. मग पुढच्या जूनमध्ये त्या गृहस्थांना छपराच्या दुरुस्तीचं छापील पत्र जातं, उत्तर येत नाही, आणि बैठकीत कुणीतरी म्हणतं की लोक हल्ली देत नाहीत. लोक देतात गं. त्यांनी एकदा मन मोकळं करून जे सांगितलं होतं, ते आपण टिपून ठेवत नाही. नव्या माणसांच्या मागे धावण्याआधी जुन्यांनी का दिलं, ते वहीत आण. मी तुला सांगणार आहे ते सगळं यातूनच निघतं.

तेव्हा यादीत पहिला रकाना वाढव तो "कशासाठी दिली" याचा, आणि त्याला लागून "कुणामुळे आले" याचा. माजी विद्यार्थिनीचे वडील, कुठल्या शिक्षिकेचे शेजारी, वर्तमानपत्रातला लेख वाचून आलेले, जे असेल ते त्यांच्याच शब्दांत लिही. संक्षेप करू नकोस. "मुलीला इथल्या बाईंनी गणित शिकवलं" हे वाक्य जसंच्या तसं राहू दे. फोन करायच्या आधी ते वाचलंस की काय बोलायचं हे वेगळं शोधावं लागत नाही.

नावांची साफसफाई कंटाळवाणी आहे, पण टाळू नकोस. चौधरी हे आडनाव इंग्रजी अक्षरांत चार जण चार तऱ्हांनी लिहितात. कुणी मधे वडिलांचं पूर्ण नाव देतं, कुणी नुसतं आद्याक्षर. लग्नाआधी माहेरच्या नावानं दिलेली देणगी आणि नंतर सासरच्या नावानं दिलेली, या दोन ओळी एकाच बाईच्या आहेत हे संगणकाला कळत नाही. अशा वेळी पॅन आणि मोबाइल नंबर यांवरून जुळवायचं. पॅनमध्ये पाच अक्षरं, चार आकडे आणि शेवटी एक अक्षर असतं. चौथं अक्षर व्यक्तीसाठी पी, कंपनीसाठी सी, हिंदू अविभक्त कुटुंबासाठी एच. व्यक्तीच्या पॅनमधलं पाचवं अक्षर म्हणजे आडनावाचं पहिलं अक्षर. कुलकर्णींच्या पॅनमध्ये तिथे के नसेल, तर लिहिताना चूक झाली असेल किंवा बाईंचं पॅन माहेरच्या आडनावाचं असेल. विचारून खात्री कर, अंदाजानं बदलू नकोस. नवराबायकोच्या नोंदी मात्र एकत्र करायच्या नाहीत. दोघांच्या स्वतंत्र ओळी आणि दोघांना जोडणारा एक घर-क्रमांक, असं ठेव. पैसे यजमानांच्या खात्यातून आले तरी देणारी बायको असू शकते, आणि पावती चुकीच्या नावानं फाडली की दुखावतं ते तिलाच.

आता तारखा. तुमच्याकडे अन्नदानाच्या तिथ्या घेणारे बरेच जण आहेत, त्यामुळे हे जरा सावकाश वाच. वडिलांच्या पुण्यतिथीला मुलींना जेवण, अशी देणगी घेताना तो दिवस इंग्रजी तारखेनं पाळतात की तिथीनं, हे विचारायलाच हवं. तिथीनं असेल तर महिना, पक्ष आणि तिथी तशीच लिहायची, "माघ वद्य पंचमी" अशी, आणि दर पाडव्याला नवं पंचांग आलं की त्या वर्षीच्या तारखा काढून पुढच्या रकान्यात भरायच्या. गेल्या वर्षीची तारीख उचलून चालत नाही. सर्वपित्री अमावास्या २०२५ मध्ये २१ सप्टेंबरला होती, २०२६ मध्ये ती १० ऑक्टोबरला येते, कारण मधे १७ मे ते १५ जून अधिक ज्येष्ठ आहे. ज्येष्ठातल्या तिथ्या असतील त्यांना अशा वर्षी फोन करूनच विचारावं, कारण घरोघरची रीत वेगळी असते. पुण्यतिथीच्या आठवडाभर आधी फोन गेला तर त्या घराला बरं वाटतं. तोच फोन दोन आठवडे उशिरा गेला, तर आपल्या लेखी त्या दिवसाची किंमत काय, हे त्यांना कळून चुकतं.

एक्सेलही इथे दगा देतं. संगणकाची मांडणी अमेरिकी पद्धतीची असेल तर आपण ४ मे म्हणून लिहिलेलं ४/५ एक्सेल ५ एप्रिल म्हणून धरतं, आणि १३ तारखेपासून पुढच्या तारखा मात्र जशाच्या तशा राहतात, त्यामुळे घोटाळा लवकर लक्षात येत नाही. महिना अक्षरांत लिहायची सवय सगळ्यांना लाव. बँक खाते क्रमांक आणि मोबाइल नंबर यांचे रकाने आधीच "टेक्स्ट" करून ठेव, नाहीतर सुरुवातीची शून्यं उडतात.

क्यूआर कोड लावल्यापासून देणग्या वाढल्या, असं तू लिहितेस. चांगलं आहे, पण बँकेच्या उताऱ्यात यूपीआयच्या ओळीत व्यवहार क्रमांक आणि तुटक नाव एवढंच येतं. पत्ता नाही, पॅन नाही, कशासाठी दिले तेही नाही. रोज सकाळी उतारा उघडून आदल्या दिवशीची प्रत्येक जमा ओळखायची. महिनाअखेरीस बसलीस तर निम्म्या जणांचा माग लागणार नाही. क्यूआरच्या शेजारी संस्थेचा व्हॉट्सॲप क्रमांक आणि "पैसे पाठवल्यावर नाव, पत्ता आणि पॅन कळवा" अशी ओळ ठळक छापून घे.

यात कायदाही आहे. नाव-पत्त्याची नोंद नसलेल्या देणग्यांवर धर्मादाय संस्थेला ठरावीक मर्यादेपलीकडे ३० टक्के कर लागतो. तुमच्याकडचे वयस्कर देणगीदार "गुप्तदान समजा" म्हणतात, त्यांचा बहुतेकदा अर्थ एवढाच असतो की फलकावर आणि अहवालात नाव नको. ते मन राख. वहीत नाव-पत्ता असू दे आणि "नाव जाहीर करायचं का" हा वेगळा रकाना कर. अहवाल छापायला जाण्याआधी तो रकाना दोन जणांनी मिळून तपासा.

८०जीचं, म्हणजे देणगीवर देणगीदाराला मिळणाऱ्या करसवलतीचं, काम तुला किचकट वाटतंय. २०२१-२२ पासून देणग्यांचं विवरण फॉर्म १०बीडीमध्ये भरावं लागतं आणि त्यावरून देणगीदाराला १०बीई प्रमाणपत्र मिळतं. दोन्हीची मुदत आर्थिक वर्ष संपल्यावर येणाऱ्या ३१ मेपर्यंत. उशीर झाला तर दिवसाला २०० रुपये शुल्क. २,००० रुपयांवरच्या रोख देणगीला ही सवलत मिळत नाही, ते पावती फाडण्याआधीच सांगायचं. कायम निधीसाठी कुणी दिलं तर तसं त्यांच्याकडून लेखी घे आणि ते पत्र नोंदीला जोडून ठेव. १ एप्रिल २०२६ पासून नवा आयकर कायदा आहे, त्यात कलमांचे आणि फॉर्मचे क्रमांक बदलतात, ते सीएंकडून ताजे करून घे. पण मला सांगायचंय ते वेगळंच. हे प्रमाणपत्र प्रत्येक देणगीदाराला आपल्याला पाठवायचंच असतं. मग नुसती पीडीएफ कशाला ढकलायची? "तुमच्या देणगीतून जूनमध्ये आठवीच्या मुलींची पुस्तकं आली", एवढं एक वाक्य त्यासोबत लिही. "कशासाठी" हा रकाना भरलेला असेल तरच ते लिहिता येईल.

आणि मार्चमध्ये सगळ्यांना सरसकट "कर वाचवा" असा संदेश पाठवणं थांबव. २०२३-२४ पासून नवी करप्रणाली आपोआप लागू असते आणि तिच्यात ८०जीची वजावट मिळत नाही. ज्यांना सवलत नाही, तेही देतातच. त्यांना कराचं बोलून आपण त्यांचं देणं लहान करतो, असं मला फार वाटतं.

परदेशातल्या मुलांचं एक लक्षात ठेव. साताऱ्याचा मुलगा न्यू जर्सीत राहतो एवढ्यावर काही ठरत नाही, पासपोर्ट कुठला हे बघावं लागतं. भारतीय पासपोर्टवर असेल आणि स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत देत असेल, तर ती परकीय देणगी धरत नाहीत. अमेरिकेचं नागरिकत्व घेतलं असेल, तर ओसीआय कार्ड (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळतं ते) असलं तरी तो परकीय स्रोत. मग संस्थेची एफसीआरए, म्हणजे परकीय देणग्यांच्या कायद्याखालची, नोंदणी हवी आणि पैसे स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतल्या ठरलेल्या खात्यातच आले पाहिजेत. म्हणून "नागरिकत्व" हा रकाना हवा, आणि पैसे येण्याआधी भरलेला हवा. क्यूआरचा फोटो कौटुंबिक ग्रुपवर फिरतो तेव्हा हा प्रश्न कुणी विचारत नाही.

पॅन, पत्ते, घरातल्या मृत्यूंच्या तारखा, इतकं सगळं एका फाइलमध्ये असतं, तर ती फाइल स्वयंसेवकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कशी काय फिरू शकते? डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा २०२३ मध्ये आला, त्याचे नियम २०२५ मध्ये आले. पण कायदा नसता तरी मी हेच म्हणाले असते. फोन करणाऱ्याला नाव, नंबर आणि मागची देणगी एवढंच दे. पॅनचा रकाना तू आणि हिशेबनीस, दोघांपुरता. "संदेश पाठवू नका" असं कुणी म्हणालं तर त्याच दिवशी तशी नोंद कर आणि ती पाळ.

एवढं झालं की एक यादी काढ: गेल्या वर्षी दिलं आणि यंदा अजून नाही. विश्वस्त मोठ्या कंपन्यांची नावं सुचवतील. तिथेही जा, पण आधी ही यादी. रोज पाच-सहाच फोन कर, ज्यांनी अनेक वर्षं सलग दिलं आणि यंदा खंड पडला त्यांच्यापासून. पैसे मागू नकोस. तब्येत विचार, मागच्या देणगीचं काय झालं ते सांग. कुणी आजारी असेल, कुणी मुलाकडे पुण्याला गेलं असेल, कुणाला पावतीच मिळाली नसेल. फोन ठेवल्यावर, दुसरा लावण्याआधी, जे कळलं ते लिही. आणि कुणी गेल्याचं कळलं, तर नोंद पुसू नकोस. "दिवंगत" अशी खूण कर, तारीख लिही, छापील पत्रांच्या यादीतून ते नाव काढ आणि घरच्यांना हातानं लिहिलेलं पत्र पाठव. नवरा जाऊन वर्ष झालेल्या बाईंच्या हातात त्याच्या नावानं मदतीचं आवाहन पडणं, हे आपल्या हातून होता कामा नये.

सॉफ्टवेअरचं म्हणशील, तर हजारभर देणगीदारांपर्यंत नीट आखलेली शीट पुरते. पुढे लागलंच तर सिव्हीसीआरएमसारखं मुक्त सॉफ्टवेअर आहे, त्याला परवान्याचे पैसे पडत नाहीत, पण सांभाळणारं माणूस लागतं. काहीही घेतलंस तरी सगळा डेटा एका फाइलमध्ये बाहेर काढता येतो का, हे करारावर सही करण्याआधी समोर करून दाखवायला सांग. दर शनिवारी एक प्रत कार्यालयाबाहेर ठेव.

स्थळप्रती वाचून झाल्या की रकान्यांचा आराखडा पाठव. नावं काढून पाठव, नुसते रकाने आणि "कशासाठी" मधली पंधरावीस वाक्यं. ती मला वाचायची आहेत.

कळावे, लोभ असावा.

तुझी ताई