गेमपासवरच्या स्कायरिमला एसकेएसई का चालत नाही

तुझ्या पीसीत काही बिघाड नाहीये, उगाच विंडोज परत टाकायच्या भानगडीत पडू नकोस. गेमपासवरच्या (मायक्रोसॉफ्टची भाड्याने गेम देणारी सेवा) स्कायरिम या गेमला एसकेएसई, म्हणजे मोठ्या मॉडना (लोकांनी गेममधे केलेल्या बदलांना) लागणारं जोड-सॉफ्टवेअर, काही केल्या चालेना म्हणतोयस, तर ते तिथे कुणाचंच चालत नाही. एसकेएसई गेम चालू करतानाच आपली डीएलएल (कोडची फाइल) गेमच्या प्रोसेसमधे घुसवतं आणि मेमरीत ठराविक जागी ठिगळं लावतं, म्हणून तर त्याला गेमचं नेमकं व्हर्जन जुळावं लागतं. गेमपासची ईएक्सई, म्हणजे गेम चालवणारी मुख्य फाइल, मुळातच एन्क्रिप्टेड, मग ठिगळ लावणार कुठे? पटत नसेल तर ती फाइल नुसती डेस्कटॉपवर कॉपी करून बघ, ॲडमिन तू, डिस्क तुझी, तरी परवानगी नाही! टेक्स्चर (गेममधली चित्रं) किंवा ईएसपी (गेमच्या डेटाची फाइल) वाले साधे मॉड मात्र चालतील, कारण डेटा फोल्डर आता उघडा असतो.

२०१६ मधे तेवढंही नव्हतं. तेव्हा यूडब्ल्यूपीवाले (विंडोज स्टोअरच्या ॲपच्या साच्यातले) क्वांटम ब्रेक वगैरे गेम विंडोजॲप्स फोल्डरमधे कुलूपबंद असायचे, रीशेड (चित्राचे रंग बदलणारं टूल) नाही, एफपीएसचा (सेकंदाला किती फ्रेम ते दाखवणारा) ओव्हरले नाही, व्हीसिंक (फ्रेमचा वेग स्क्रीनशी बांधणारं सेटिंग) बंद करायची सोयसुद्धा मे महिन्यातल्या अपडेटनंतर आली.

आणि सँडबॉक्स (प्रोग्रामला बाकी मशीनपासून वेगळं ठेवणारा पिंजरा) सुरक्षेसाठी चांगलाच ना, हे जे विचारलंयस, तर हो, चांगलाच. जून २०२३ मधे माइनक्राफ्टच्या मॉडमधून फ्रॅक्चरायझर हा व्हायरस पसरला, तो ब्राउझरच्या कुकीज आणि डिस्कॉर्डचे लॉगिनचे टोकन पळवायचा, वर मशीनवरच्या बाकीच्या जार (जावा प्रोग्रामच्या) फायलींतही शिरायचा. जावा मॉड म्हणजे तुझ्या अकाउंटचे सगळे हक्क घेऊन चालणारा प्रोग्रामच की. उलट फॅक्टोरिओ या गेमचे मॉड लुआ भाषेत लिहितात, त्यातून तुझ्या डिस्कवरच्या फायली चाळायची सोयच काढून टाकलीय, तरी लोकांनी त्यात अख्खा नवा गेम वाटावा असे मॉड केलेत. असा पिंजरा मॉडला घाला, माझी काही ना नाही. गेमपासमधे पिंजऱ्यात गेम आहे आणि चावी तुझ्याकडे नाही. शेवटी भाड्याचं घर ते, खिळा ठोकायचा तर मालकाला विचारा (आणि मालक नाहीच म्हणणार).

तेव्हा सेलची वाट बघ आणि स्टीम किंवा जीओजी या ऑनलाइन गेमच्या दुकानांतून घे. मी जीओजी म्हणेन, डीआरएम (कॉपी रोखणारं कुलूप) नाही आणि ऑफलाइन इन्स्टॉलर ठेवलास की गेम रातोरात अपडेट होऊन एसकेएसई बोंबलायची कटकट नाही. फक्त एसकेएसईचं जीओजीवालंच बिल्ड (आवृत्ती) उतरव, स्टीमचं तिथे चालत नाही, आणि गेम प्रोग्राम फाइल्समधे टाकू नकोस.