गाडीची राखण : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : आमच्या गल्लीत गाडी घरासमोरच लावावी लागते. बटणावर सुरू होणारी आहे. मेस्त्री म्हणतात, इमोबिलायझर असताना वेगळं कुलूप कशाला? — एक वाचक, शहापूर

उत्तर : इमोबिलायझर म्हणजे ओळखीची किल्ली नसेल तर इंजिन सुरू होऊ न देणारं यंत्र. वायरी जोडून गाडी पळवणाऱ्याला तो अडवतो. खऱ्या किल्लीचा सिग्नल मिळाला की मात्र तो गप्प बसतो, आणि चोर नेमकं तेच साधतात. एकजण घराच्या दाराशी यंत्र धरून आतल्या किल्लीचा सिग्नल उचलतो, दुसऱ्याचं यंत्र तो गाडीपर्यंत पोचवतं. गाडीला वाटतं, मालकच आला. दाराजवळच्या खुंटीवर किल्ली टांगायची सवय इथं अंगाशी येते. दोन्ही किल्ल्या घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डब्यात ठेवा. तो डबा गाडीपाशी नेऊन दाराचं बटण दाबून बघा. दार उघडलं तर डबा बदला.

दुसरी वाट स्टिअरिंगखालच्या सोळा पिनांच्या ओबीडी सॉकेटची, म्हणजे मेस्त्री गाडी तपासायचं यंत्र जोडतात त्या जागेची. आत शिरलेला माणूस तिथं यंत्र लावून काही गाड्यांना नवी किल्ली ओळखायला लावतो. म्हणून लोखंडी कुलूप हवंच. स्टिअरिंगला अडकवायचा दांडा स्वस्त, लांबूनही दिसतो. पण स्टिअरिंगची कडी करवतीनं कापली की निघून येतो. आमचं मत गिअर लॉकला. त्यात मॅन्युअल गाडी रिव्हर्समध्ये, ऑटोमॅटिक 'पी'मध्ये अडकते. बसवताना मात्र जवळ उभे राहा. त्याचे बोल्ट पूर्ण आवळले की माथा तुटून पडतो, म्हणजे पुन्हा पाना लागत नाही. साधे बोल्ट मारले असतील, तर ते कुलूप शोभेचं.

प्रश्न : जीपीएस ट्रॅकर घेतलाय. इंजिन बंद करायचा रिले (विजेवर चालणारा स्विच) गाडीतल्या पेट्रोल पंपाच्या वायरीवर बसवू का? — एक वाचक, खानापूर

उत्तर : नको, स्टार्टरच्या, म्हणजे इंजिन सुरू करणाऱ्या मोटरच्या वायरीवर बसवा. चोर्ला घाटात चालत्या गाडीचा पंप बंद पडला तर स्टिअरिंग जड होतं, ब्रेकही दोन-तीन दाबांनंतर लाकडासारखा होतो. पुढं कुणाची गाडी असेल, कोण सांगणार? स्टार्टर तोडला तर चालती गाडी चालत राहते. थांबली की परत सुरू होत नाही.

ट्रॅकरची लाल वायर बॅटरीच्या कायम प्रवाहावर, फ्यूज घालूनच. ट्रॅकर डॅशबोर्डच्या प्लॅस्टिकखाली बसवा, पत्र्याखाली नको. जंगलपट्ट्यात रेंज जाते. तेव्हा चांगला ट्रॅकर ठिकाणं साठवून रेंज आल्यावर पाठवतो, घेताना एवढं विचाराच. यंत्र २० मिलिअँपिअर घेत असेल तर दिवसाला साधारण अर्धा अँपिअर-तास जातो. महिनाभर उभ्या गाडीच्या ३५ अँपिअर-तासांच्या बॅटरीतून त्यानंच १४-१५ गेले समजा. सिमचं रिचार्ज संपलं, तर सगळंच फुकट.

प्रश्न : कोल्हापुरात काच फोडून लॅपटॉपची बॅग नेली. घरी आल्यावर तक्रार निपाणीत देता येईल? — एक वाचक, निपाणी

उत्तर : येईल. गुन्हा दुसऱ्या हद्दीतला असला तरी झिरो एफआयआर नोंदवता येतो. पुढं तो कोल्हापूरकडं जातो. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत, कलम १७३ मध्ये, ही तरतूद आहे. एफआयआर कन्नडमध्ये लिहिला असेल तर सही करण्याआधी वाचून घ्या. गाडीचा नंबर आणि लॅपटॉपचा सिरियल नंबर ताडून बघा. प्रत फुकट मिळते.

ओन डॅमेज (आपल्याच गाडीच्या नुकसानीचा) विमा असेल तर काच मिळेल, पण लॅपटॉप गाडीच्या विम्यात बसत नाही. काचेचा क्लेम केला तर नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट, जाऊ शकतो. तो २० ते ५० टक्के असतो. लहान काच असेल तर आधी हिशेब करा. पुढच्या वेळी बॅग डिकीत टाकायची ती निघतानाच. पार्किंगमध्ये उतरून टाकली, की बघणाऱ्याला पत्ता मिळाला.

प्रश्न : दुसरी किल्ली हरवली. चालेल? — एक वाचक, हुक्केरी

उत्तर : चालणार नाही. गाडी चोरीला गेली तर विमा कंपनी दोन्ही किल्ल्या मागते. अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्ये हरवलेली किल्ली गाडीच्या मेमरीतून काढून टाका, नवी करून घ्या नि बिल जपून ठेवा.