नवीन रॉक बँडने पहिला अल्बम स्टुडिओत करावा की घरी? रेडिओहेड या ब्रिटिश रॉक बँडचा 'ओके कॉम्प्युटर' हा अल्बम म्हणे एका जुन्या वाड्यात केला होता, ते खरं का?

खरं आहे. पण वाडा म्हणजे आपला चौसोपी नव्हे. इंग्लंडात बाथ शहराजवळ सेंट कॅथरिन्स कोर्ट नावाचं शेकडो वर्षं जुनं दगडी घर आहे, तेव्हा ते जेन सीमूर या नटीच्या मालकीचं होतं. रेडिओहेडवाले १९९६ च्या सप्टेंबरात सगळं सामान घेऊन तिथे गेले. त्याआधी डिडकॉटजवळ सफरचंदं साठवायच्या एका शेडमध्ये त्यांनी चार गाणी केली होती, पण तिथे साधा संडासही नव्हता. झालं तुमचं अर्धं उत्तर.

उरलेल्या अर्ध्याला वेळ लागेल, कारण 'जुना वाडा' वाचलं आणि माझं डोकं फिरलं. हाच वाद मी २०१३ साली नाशकात हरलोय.

आम्ही चौघं. मी गायचो आणि रिदम गिटार वाजवायचो (ड्रमवाल्याच्या मते नुसती धरून उभा राहायचो). गाणी मराठी. गिटारला बासरी-तबला चिकटवला की त्याला मराठी रॉक म्हणायची आपल्याकडे रीत आहे, तिचा मला तेव्हाही राग होता, आजही आहे. सराव गंगापूर रोडला ड्रमवाल्याच्या गॅरेजमध्ये. समोरचे काका रात्री आठला गॅलरीत येऊन उभे राहायचे, काही बोलायचे नाहीत, आम्ही आपोआप थांबायचो.

आठ गाणी तयार झाली तेव्हा बेसवाल्याने त्याच्या आत्याचा वाडा सुचवला. जुन्या नाशकात, दहीपुलाच्या मागच्या बोळात. आत्या एकट्याच राहायच्या. दिंडी दरवाजातून आत गेलं की छोटा चौक, डावीकडे माजघर आणि उजवीकडून माडीवर जाणारा दगडी जिना, बारा पायऱ्यांचा, वर अंधार. मी सहज त्या जिन्यात एक सूर लावला आणि तो वर जाऊन, फिरून, जरा जाडा होऊन परत आला. मी बेसवाल्याकडे पाहिलं, त्याने माझ्याकडे. ठरलं.

ठरलं म्हणजे आम्हा तिघांचं. लीड गिटारवाल्याचा पहिल्या दिवसापासून विरोध होता. त्याला मुंबईचा स्टुडिओ हवा होता. त्याच्या चुलतभावाची तिथे ओळख होती आणि भिंतीवर मोठमोठ्या लोकांचे फोटो होते. फोटोंचा आणि आवाजाचा काय संबंध, हे मी त्याला विचारलं. त्याने मला 'तुला कळत नाही' असं सांगितलं. हा वाद असाच नऊ महिने चालला.

तरी दिवाळीनंतरच्या दहा रात्री आम्ही वाड्यात काढल्या. आठ चॅनेलचा इंटरफेस, म्हणजे माइकचा आवाज कॉम्प्युटरात घेणारी पेटी, पुण्याहून भाड्याने आणला. ड्रम माजघरात, किकमध्ये, म्हणजे पायाने वाजवायच्या मोठ्या ड्रममध्ये, आत्यांची गोधडी कोंबलेली. गिटारचा अँप धान्याच्या कोठीत, बेस ओसरीवर. भिंतीला अंड्याचे ट्रे लावायचा सल्ला आम्हालाही चार जणांनी दिला होता. तुम्ही लावू नका. ट्रेने आवाज अडत नाही, फक्त खोली कोंबड्यांची वाटते. लग्नाच्या मांडववाल्याकडून गाद्या आणा, त्याच कामाच्या.

बाजार अकराला शांत व्हायचा, मग आम्ही सुरू. सगळे एकदम वाजवायचे, क्लिक (कानात वाजणारा ठेक्याचा टिकटिकाट) नाही, काही नाही. ड्रमचा आवाज सगळ्यांच्या माइकमध्ये शिरायचा, म्हणून कुणी चुकला की सगळ्यांनी परत. आत्या बाराला चहा द्यायच्या आणि विचारायच्या, "अरे, गाताय का भांडताय?" दोन्ही चालू असायचं.

आता तुमचा मुद्दा. 'ओके कॉम्प्युटर'चा साधारण ऐंशी टक्के भाग एकत्र, लाइव्ह वाजवून घेतलाय, असं त्यांचा गिटारवाला एड ओब्रायन सांगतो. एका संथ गाण्याचा गळा त्यांचा गायक थॉम यॉर्क याने त्या घराच्या दगडी जिन्यात गाऊन दिला. त्यातला घुमारा जिन्याचा आहे, मशीनचा नव्हे. दुसरं एक गाणं पहाटे तीनला बॉलरूममध्ये घेतलं. हे मला तेव्हा माहीत होतं का? होतं. आणि मी ते रोज रात्री लीड गिटारवाल्याला ऐकवायचो, त्यामुळे त्याचा विरोध वाढला असेल तर तो दोष माझा.

सातव्या रात्री माझा गळा घ्यायचा होता. माइक जिन्याच्या वरच्या खुंटीला टांगला, मी सहाव्या पायरीवर. तीन-चार टेक फुकट गेले. एकात कुत्रं, एकात आत्यांचा खोकला, एकात मीच शब्द विसरलो. पाचव्या टेकला पहाट होत आली होती. शेवटची ओळ गाऊन मी सूर धरून ठेवला आणि कुठल्यातरी देवळात काकड आरतीच्या आधीची एक घंटा वाजली. एकच टोल. तो माझ्या सुराशी जुळत नव्हता, अर्धा स्वर खाली होता, पण जिन्यात दोन्ही मिळून असं काही झालं की चौकात बसलेला ड्रमवाला उठून उभा राहिला. हेडफोनवर लीड गिटारवाला होता. तो म्हणाला, "छान. आता घंटेशिवाय एक घेऊ."

मी नाही घेतला. तिथून बिनसलं.

मग झालं मुंबई. चौघांनी मिळून ६५,००० जमवले होते. पंचवटी एक्स्प्रेसने निघालो, गिटारच्या पेट्या बघून पासवाल्यांनी डब्यात जी नजर दिली ती अजून आठवते. स्टुडिओ तासाला बाराशे, दोन दिवसांत वीस तास, म्हणजे २४,०००. एका गाण्याचं मिक्सिंग ५,०००. हिशेब करा: सात गाण्यांचे ३५,००० झाले आणि आठव्याला पैसेच उरले नाहीत, कारण उरलेल्या ६,००० च्या सीड्या आणायच्या होत्या. स्टुडिओतला माणूस सज्जन होता, काम चोख. प्रत्येकाला वेगळ्या काचेमागे बसवलं, कानात क्लिक, आधी ड्रम, मग बेस, मग बाकीचे. सातही गाणी स्वच्छ निघाली. इतकी स्वच्छ की बँड हॉस्पिटलात दाखल झाल्यासारखा वाटतो. आठवं, म्हणजे जिन्यातलं, वाड्यातलंच ठेवलं, नाइलाज म्हणून. मी हेडफोनवर मिक्स केलं आणि सगळ्यात शेवटी टाकलं, घंटेसकट.

स्वागताबद्दल तुम्ही विचारलेलं नाही, तरी सांगतो. एका पेपरात चार ओळी आल्या, त्यात 'भावगीतांचा संच' असं छापलं होतं. कॉलेजच्या एका गॅदरिंगमध्ये तिसऱ्या गाण्याला निवेदिका स्टेजवर आली आणि हळूच म्हणाली, "दादा, काहीतरी नाचायचं आहे का?" ३०० सीड्या केल्या, ४१ खपल्या, त्यातल्या ११ नातेवाइकांनी घेतल्या. उरलेल्यांचा गठ्ठा आमच्या मामाने पिंपळगावला नेला आणि द्राक्षबागेत तारांना बांधला. उन्हात चमकतात, पाखरं येत नाहीत. मामा म्हणतो, त्या वर्षी नुकसान कमी झालं. अल्बमचं मला मिळालेलं हे सगळ्यात चांगलं परीक्षण.

'ओके कॉम्प्युटर'चंही आधी काही फार जमलं नव्हतं हो. अमेरिकेतल्या कॅपिटल या रेकॉर्ड कंपनीने तो ऐकून खपाचा अंदाज वीस लाखांवरून पाच लाखांवर आणला. मग त्याच कंपनीने हजारेक वॉकमन पत्रकारांना आणि धंद्यातल्या लोकांना पाठवले, आत कॅसेट डिंकाने चिकटवलेली, म्हणजे दुसरं काही ऐकायची सोयच नाही. (हे मला आधी कळलं असतं तर मामाकडे सीड्या गेल्या नसत्या.) १६ जून १९९७ ला ब्रिटनमध्ये आला आणि थेट पहिल्या नंबरला गेला. अमेरिकेत जुलैमध्ये, तिथे २१ व्या जागी उतरला. पुढच्या वर्षी अल्टरनेटिव्हचं ग्रॅमी मिळालं. ब्रिटनचं मर्क्युरी प्राइझ मात्र हुकलं, ते रोनी साइझच्या चमूला गेलं.

तर स्टुडिओ की घर? माझं मत: जिथे चौघं एकमेकांचे डोळे बघत वाजवू शकाल तिथे. काचेमागे बसून पहिला अल्बम करू नका. पाचव्या अल्बमला बसा. आमच्या अल्बममधलं लोकांना एकच गाणं आठवतं, जिन्यातलं. बाकीची सात मलाही ओळीने सांगता येणार नाहीत.

आता जे आधी सांगायला हवं होतं ते. रेडिओहेड 'घरी' गेले म्हणून स्वस्तात झालं, असं समजू नका. त्यांच्या ब्रिटनमधल्या रेकॉर्ड कंपनीने सामानासाठी एक लाख पौंड दिले होते आणि मुदत घातली नव्हती. सोबत नायजेल गॉड्रिच होता, म्हणजे कुठला माइक कुठे लावायचा हे कळणारा माणूस. आपल्याकडे तो नसतो. तंतुवाद्यं त्यांनी जानेवारी १९९७ मध्ये लंडनच्या अॅबी रोड स्टुडिओत घेतली, म्हणजे मोठ्या स्टुडिओला अगदी नाही म्हटलं असं नाही. आणि पहिल्याच गाण्यातला ड्रम लाइव्ह नाही. काही सेकंदांचा तुकडा कापून कॉम्प्युटरवर फिरवलाय. ही गोष्ट लीड गिटारवाला मला नेहमी ऐकवतो आणि त्यात तो बरोबर आहे. वाड्यातल्या आमच्या दोन गाण्यांत बेस बेसूर झाला होता, तेही बरोबर आहे. पावसाळ्यात जुन्या वाड्यात रेकॉर्डिंगचा विचारही करू नका. सुराचं सोडा, दरवर्षी जुन्या नाशकातले एक-दोन वाडे कोसळतात. आत्यांचा पडला नाही, विकला. जिन्याच्या जागी आता लिफ्ट आहे.

वाड्यातली बाकी सात गाणी गेली कुठे, हे तुम्ही विचारायच्या आधीच सांगतो. 'ओके कॉम्प्युटर'च्या काळातले तासन् तास कच्चे टेप, थॉम यॉर्कच्या मिनीडिस्कवरचे (छोट्या रेकॉर्डिंगच्या चकत्या), २०१९ मध्ये बँडच्या परवानगीशिवाय इंटरनेटवर बाहेर आले. बँडने चिडचिड न करता ते स्वतःच अठरा दिवस अठरा पौंडांना विकले आणि पैसे पर्यावरणवाल्यांना देऊन टाकले. तासभर ऐकलं की कळतं, त्यातलंही निम्मं भिकार आहे आणि तरी ऐकवतं. आमचे ते दहा रात्रींचे टेक एका निळ्या हार्ड डिस्कवर आहेत. डिस्क लीड गिटारवाल्याकडे, तो हिंजवडीत. मी २०१३ नंतर ते ऐकलेले नाहीत, त्यामुळे ते मला आठवतात तितके चांगले नसतीलही. भांडण वगैरे आता नाही. दिवाळीला फोन होतो, मुलांची चौकशी होते, शेवटी मी डिस्कचं विचारतो.

तो म्हणतो, "शोधतो."