एकाच जागी खोच असलेले दोन डॉलर

प्रश्न : माझ्या सासऱ्यांनी अनेक वर्षांपूर्वी विकत घेतलेले तीन अमेरिकी चांदीचे डॉलर आमच्या घरी आहेत. तिन्ही ‘मॉर्गन डॉलर’ असून त्यांवर १८८१, १८८६ आणि १९२१ ही साले आहेत. १८८१ च्या नाण्यामागे ‘एस’ आणि १८८६ च्या नाण्यामागे ‘सी सी’ अशी अक्षरे आहेत. या दोन्ही नाण्यांवर दर्शनी बाजूच्या स्वातंत्र्यदेवीच्या गालावर अगदी एकाच जागी बारीक खोच आहे. १९२१ च्या नाण्याची मागची बाजू मात्र जवळजवळ गुळगुळीत झाली आहे. सराफ्यातल्या एका पेढीवर चांदी खरी असल्याचे सांगण्यात आले. मग नाणीही खरी समजावीत का?
— एक वाचक, इंदूर

उत्तर : पेढीवर मिळालेले उत्तर चांदीपुरते बरोबर असेल, पण नाणे टाकसाळीत पाडले की नाही, हा प्रश्न त्याने सुटत नाही, कारण दुर्मीळ नाण्यांच्या काही नकला चांगल्या चांदीतही पाडल्या जातात. १८८६ चे नाणे तर नि:संशय बनावट आहे. ‘सी सी’ हे नेवाडातील कार्सन सिटी टाकसाळीचे चिन्ह असून तेथे मॉर्गन डॉलर १८७८ ते १८८५ आणि पुन्हा १८८९ ते १८९३ एवढ्याच काळात पाडले गेले. त्या टाकसाळीचा १८८६ चा डॉलर अस्तित्वातच नाही.

गालावरच्या खोचेकडे आपले लक्ष गेले, हे फार चांगले झाले. व्यवहारात पडलेली खोच प्रत्येक नाण्यावर निराळी असते. दोन निरनिराळ्या सालांच्या नाण्यांवर ती तंतोतंत एकाच जागी दिसते, तेव्हा एखाद्या वापरलेल्या खऱ्या नाण्यावरून ठसा तयार करून, साल आणि अक्षर बदलून, नकला काढल्या आहेत असा अर्थ होतो. अशा ठशात मूळ नाण्याची झीजही जशीच्या तशी उतरते. म्हणून १८८१ च्या नाण्यावरही विश्वास ठेवू नये. भिंगातून पाहावे : खऱ्या नाण्यात कानावरचे केस, टोपीवरची पाने आणि मागच्या गरुडाची छाती हे उंच भाग आधी झिजतात आणि अक्षरांच्या कुशीतल्या खोलगट जागांत मूळची झळाळी किंवा जुना काळसरपणा टिकून राहतो. खोलगट भागही उंच भागांइतकेच बोथट, पुसट दिसत असतील, तर ती झीज हातांनी झालेली नाही. न्यू ऑर्लीन्सच्या टाकसाळीतल्या ‘ओ’ चिन्हाच्या पुष्कळ नाण्यांत मात्र ठसा मुळातच कमी दाबाने बसलेला असल्याने कानावरचे केस नव्या नाण्यातही सपाट दिसतात. तेवढ्यावरून त्यांना खोटे ठरवू नये.

वजन अचूक काट्यावर करावे. मूळ वजन २६.७३ ग्रॅम, व्यास ३८.१ मिलिमीटर आणि चांदी ९० टक्के. काट्यावर पाण्याचे भांडे ठेवून त्यात दोऱ्याला टांगलेले नाणे तळाला न टेकता पूर्ण बुडवल्यास काटा सुमारे २.६ ग्रॅमने वाढतो. तेवढ्याच वजनाचे नाणे जर्मन सिल्व्हरचे (तांबे, निकेल व जस्त यांच्या मिश्रधातूचे, ज्यात चांदी नसते) असेल तर ३ ग्रॅमच्या वर जातो. चुंबकाला न चिकटणे हा पुरावा नव्हे, कारण तांबे-पितळही चिकटत नाही. खात्रीसाठी कड कानशीने घासू देऊ नये किंवा नाण्याला चिंच लावू नये, कारण त्याने खऱ्या नाण्याची किंमत जाते.

१९२१ च्या नाण्याची हकिगत बहुधा वेगळी आहे. वरच्या कडेवर झाळण्याची फिकट गोळी किंवा दाते बुजलेली जागा आहे का, ते पाहावे. असल्यास ते कधी काळी पदक करून गळ्यात घातले गेले असावे आणि मागची बाजू कपड्याला घासून गुळगुळीत झाली असावी. त्या सालच्या मॉर्गन डॉलरचा उठाव मुळातच कमी होता, तेव्हा दर्शनी बाजूचे केस सपाट वाटले तरी शंका घेण्याचे कारण नाही. झाळलेली गोळी खरवडून काढू नये.