रिपेअरिंगसाठी शिसेविरहित सोल्डर आणलं, पण जॉइंट नीट बसत नाहीत. काय चुकतंय?

दोष बहुतेक हाताचा नाही, तापमानाचा आहे. नेहमीचं ६३/३७ सोल्डर (६३ टक्के कथील, ३७ टक्के शिसं) १८३ अंश सेल्सिअसला वितळतं. शिसेविरहितांपैकी एसएसी ३०५ (कथील, ३ टक्के चांदी, अर्धा टक्का तांबं) २१७च्या पुढे. साध्या २५ वॉटच्या आयर्नने बारीक पिना होतात, पण ग्राउंडच्या रुंद तांब्यावर टेकवली की बिट (आयर्नचं तापणारं टोक) थंड पडतं. मग आपण दाबून धरतो आणि पॅडच (बोर्डावरचा तांब्याचा ठिपका) उखडतो. एका इन्व्हर्टर कार्डाचे दोन पॅड मी असेच घालवले, फार वाईट वाटलं.

नागपुरात बर्डीवरून टेम्परेचर कंट्रोल असलेलं सोल्डरिंग स्टेशन आणा, ३५०च्या आसपास ठेवा, बिट जरा जाड घ्या. फ्लक्स (सोल्डर नीट पसरावं म्हणून लावतात ती पेस्ट) सढळ हाताने लावा, हे सोल्डर कमी पसरतं. ते बिटही लवकर झिजवतं, म्हणून काम थांबलं की टोकावर सोल्डरचा थर ठेवा.

जॉइंट मळकट दिसला तरी घाबरू नका. चमक बघू नका, सोल्डर पिनेला सगळीकडून चढलंय का ते भिंगातून पाहा. जुन्या बोर्डावरचं शिशाचं सोल्डर आधी विकने (सोल्डर शोषणारी तांब्याच्या तारांची पट्टी) काढा.

आणि आपल्या नागपुरी उन्हाळ्यात कूलरचा झोत थेट बोर्डावर येऊ देऊ नका. धूर फ्लक्सचा असतो, तो शिसेविरहित सोल्डरमध्येही निघतोच. त्यासाठी एक्झॉस्ट लावा.