क्लास निवडण्याआधी जीएमशी बोललात का?

या सदराकडे येणाऱ्या बहुतेक पत्रांत एकच भांडण असतं. खेळाडूला एक क्लास (पात्राचा पेशा) हवा असतो, गेम मास्टरला (जीएम, म्हणजे खेळ चालवणारा) तो नको असतो आणि दोघांनाही वाटतं की पुस्तक आपल्या बाजूने आहे. खालची उत्तरं डंजन्स अँड ड्रॅगन्स या भूमिका-खेळाच्या पाचव्या आवृत्तीपुरती आहेत. प्रश्न पाठवताना 2014 चं पुस्तक वापरता की 2024 चं, एवढं तरी लिहीत जा. उत्तर त्यावर फिरतं.

प्रश्न: मला आर्टिफिसर (जादूची यंत्रं बनवणारा क्लास) खेळायचाय, जीएम नको म्हणतो. अधिकृत क्लासला तो नाही कसा म्हणू शकतो?

उत्तर: म्हणू शकतो. 2014 च्या प्लेअर्स हँडबुक या मूळ नियमपुस्तकातल्या बारा क्लासांत आर्टिफिसर नाहीच, तो 2019 मध्ये एबरॉन या खेळ-जगाच्या पुस्तकातून आला. पण तो त्या बारांत असता तरी उत्तर हेच असतं. अधिकृत म्हणजे प्रकाशकाने छापलेलं, एवढंच. तुम्ही ‘का नको?’ हे जरूर विचारा. त्याच्या जगात यंत्रं बसत नसतील तर त्याच क्षमता ताईत आणि मंतरलेली हत्यारं म्हणून रंगवता येतात. त्याला नियम माहीत नसतील तर पानं आधी वाचायला द्या. तरीही नाहीच म्हणाला, तर दुसरा क्लास घ्या.

प्रश्न: एका व्हिडिओत सांगितलंय की पॅलाडिनने (शपथ घेतलेल्या योद्ध्याने) हेक्सब्लेड वॉरलॉकची (सौदा करून जादू मिळवणाऱ्या क्लासच्या एका प्रकाराची) एक लेव्हल घेतलीच पाहिजे. जीएम मल्टिक्लास (एकाच पात्रात दोन क्लास) करू देत नाही. त्याला कसं पटवू? (2014)

उत्तर: आधी पुस्तक उघडा. 2014 मध्ये मल्टिक्लास आणि फीट (पात्राची जादा कौशल्यं) दोन्ही ऐच्छिक नियम आहेत, म्हणजे जीएमने काहीच ठरवलं नसेल तर उत्तर ‘नाही’ असं धरायचं. आता व्हिडिओवाले काय सांगत नाहीत ते बघा. हेक्सब्लेडमुळे हत्यार ताकदीऐवजी करिश्म्यावर (व्यक्तिमत्त्वाच्या प्रभावाच्या गुणांवर) चालतं हे खरं, पण पॅलाडिनसोबत मल्टिक्लास करायचं तर स्ट्रेंग्थही (ताकदीचे गुण) 13 लागतेच, ती 8 वर सोडून देता येत नाही. शिवाय पॅलाडिनच्या पाचव्या लेव्हलला मिळणारा दुसरा हल्ला एक लेव्हल उशिरा येतो. पार्टीतला (तुमच्या गटातला) फायटर दोनदा वार करत असताना तुम्ही एकदाच करणार. हे सगळं मान्य असेल तर ‘माझ्या पॅलाडिनने हा सौदा का केला’ याचं उत्तर घेऊन जीएमकडे जा. व्हिडिओची लिंक पाठवू नका.

प्रश्न: दोघांनी ‘रोग’ (Rogue, चोरपावलांनी वार करणारा क्लास) घेतला तर चालेल का?

उत्तर: चालेल, फक्त दुसऱ्या रोगवाल्याला आधी विचारा.

प्रश्न: मी पैसे देऊन एका होमब्रू (चाहत्याने घरी बनवलेल्या) क्लासची पीडीएफ घेतली. वर ‘पूर्ण संतुलित, चाचणी केलेला’ असं लिहिलंय. जीएम बघायलाही तयार नाही.

उत्तर: ‘संतुलित’ हा शिक्का विकणाऱ्यानेच मारलाय. चाचणी कोणी केली, किती लेव्हलपर्यंत केली, हे लिहिलंय का? नसेल तर ती जाहिरात झाली. तुम्ही पैसे मोजलेत म्हणून जीएम बांधला जात नाही.

एक ढोबळ तपासणी स्वतः करा. पाचव्या लेव्हलला फायटर दोनदा वार करतो, रोगचा स्नीक अटॅक (बेसावध वार) 3डी6, म्हणजे सहा बाजूंच्या तीन फाशांइतका, असतो. तुमचा क्लास दर फेरीला याच्या फार पुढे जातोय का? आणि त्याच्या युक्त्या बोनस अॅक्शन (टर्नमधली जादा कृती) किंवा रिअॅक्शन (प्रसंगावर दिलेली प्रतिक्रिया) खर्च न करता ‘फुकटात’ होतात का? होत असतील तर जीएमचं बरोबर आहे. नसतील तर हा हिशोब त्याच्यासमोर ठेवा आणि तीन सेशनच्या (खेळाच्या बैठकींच्या) बोलीवर परवानगी मागा. अनअर्थ्ड आर्काना या मालिकेलाही हेच लागू, तो मजकूर प्रकाशकाचाच असला तरी चाचणीचा मसुदा आहे.

प्रश्न: मी जीएम आहे. ट्वायलाइट क्लेरिकला (देवाच्या कृपेने जादू करणाऱ्या क्लासच्या एका प्रकाराला) नाइलाजाने हो म्हटलं होतं. आता सहाव्या लेव्हलला कोणाला ओरखडाही उठत नाही. शत्रू मुद्दाम त्याच्यावरच सोडतोय, तरी उपयोग नाही. आणखी काय करू?

उत्तर: हे ताबडतोब थांबवा.

तुमची तक्रार खोटी नाही. सहाव्या लेव्हलला ट्वायलाइट सँक्च्युअरी ही त्याची क्षमता प्रत्येक साथीदाराला त्याच्या टर्नच्या शेवटी 1डी6 + 6 तात्पुरते हिट पॉइंट (पात्राचा जीव मोजणारे गुण) देऊ शकते. सरासरी साडेनऊ. चौघांची पार्टी असेल तर फेरीला अडतीस, आणि हे मिनिटभर चालतं. हे पॉइंट साठत नाहीत, पण दर फेरीला ताजे होतात. तुमचे गोब्लिन दमणारच.

पण तुम्ही करताय ती छुपी काटछाट आहे, आणि माझ्याकडे येणाऱ्या मोडलेल्या कॅम्पेनांपैकी (अनेक सेशन चालणाऱ्या खेळांपैकी) निम्म्यांचं मूळ तिथेच असतं. जीएमला भिडेपोटी नाही म्हणवत नाही, आणि मग तो राग खेळात काढतो. प्रत्येक राक्षस जादूला दाद न देणारा निघतो, प्रत्येक धनुर्धारी क्लेरिकलाच नेम धरतो, पॅलाडिनची शपथ दर सेशनला मोडायला लावली जाते. खेळाडूला दोन सेशनांत कळतं की हे जगात घडत नाहीये, आपल्याला शिक्षा होतेय. शिक्षा कशाची? तुम्हीच मंजूर केलेल्या पानाची. मग तो गप्प होतो, मोबाइल काढतो, आणि एक दिवस यायचा बंद होतो.

म्हणून सेशनच्या बाहेर, एकट्याला गाठा. ‘मी हो म्हणताना नीट वाचलं नव्हतं’ असं सरळ सांगा आणि हे आकडे दाखवा. पर्याय त्याच्यासमोर ठेवा: फासा काढून फक्त लेव्हलइतके पॉइंट, किंवा एका वापरात प्रत्येकाला एकदाच. दोन्ही नको असतील तर त्याला सबक्लास (क्लासचा उपप्रकार) बदलू द्या, सोनं किंवा वेळ न घेता. निवड त्याची. ठरलेलं लिहून ठेवा आणि बाकीच्यांनाही सांगा.

प्रश्न: मी ड्रुइड (प्राण्यांचं रूप घेणारा क्लास) आहे. जीएम म्हणतो की जो प्राणी पाहिलाच नाही त्याचं रूप घेता येणार नाही. हा अन्याय नाही का? (2014)

उत्तर: नाही, पुस्तकात तसंच लिहिलंय. तुमचा ड्रुइड कुठल्या जंगलात वाढला ते ठरवा, तिथल्या प्राण्यांची यादी करा आणि जीएमकडून मंजूर करून घ्या. दुसऱ्या लेव्हलला उडणारे आणि पोहणारे प्राणी यादीत घालू नका, ते तसेही मिळणार नाहीत.

प्रश्न: रेंजर क्लासची जुनी वैशिष्ट्यं बदलून 2020 च्या पुस्तकातली पर्यायी घेतली तर?

उत्तर: जीएम हो म्हणाला तर.

प्रश्न: सहा महिने विझर्ड (स्पेलबुक नावाच्या मंत्रवहीतून जादू करणारा क्लास) खेळतेय आणि मला तो अजिबात आवडत नाही. आता सांगायला लाज वाटते.

उत्तर: सहा महिने! पहिल्या महिन्यातच सांगायचं होतं. जीएमने दरम्यान तुमच्या विझर्डभोवती कथा विणली असणार, त्यामुळे आता बदल अवघड झालाय, अशक्य नाही. आज रात्रीच त्याला मेसेज करा. विझर्ड आवडत नाही म्हणजे नेमकं काय ते लिहा. रोज मंत्र निवडायचा कंटाळा असेल तर ठरलेले मंत्र वापरणाऱ्या सॉर्सररवर भागेल, नाव आणि गोष्ट तीच राहील. मागे उभं राहून लढणंच नकोसं असेल तर नवं पात्र लागेल, आणि ते कुठे, कसं भेटेल हे जीएमला ठरवू द्या. स्पेलबुकचं काय करायचं तेही त्याच्याशीच बोला.