अक्कांना विचारा : लेडीजमध्ये कोणी जायचं?

मागच्या अंकात बाजारातल्या मुताऱ्यांवर चार ओळी काय लिहिल्या, पत्रांचा ढीगच पडला. निम्म्या पत्रांत पाणी नाही, तुंबलंय, वास मारतोय हीच रड, आणि उरलेल्यांत एकच विषय, तृतीयपंथी लोकांनी कुठल्या दारानं आत जायचं. शिव्या असलेली पत्रं बाजूला ठेवली (ती पण कमी नव्हती बरं का), बाकीतली काही इथं घेतलीत.

अक्का, मी नवी पेठेत फॉल-अस्तरच्या दुकानात कामाला आहे. दुकानाला संडास नाही म्हणून आम्ही सगळ्याजणी जवळच्या सुलभमध्ये जातो. परवा लाइनीत एक तृतीयपंथी उभी होती, एक बाई तिच्यावर ओरडायला लागली की हे लेडीज आहे तू बाहेर हो, दुसरी म्हणाली जाऊ दे की तिला पण लागलीच असेल, मग पैसे घेणाऱ्यानं येऊन तिला हाकललं. मी गप्प बसले. दुकानात त्या टाळी वाजवत आल्या तर आम्ही हसून दहा-वीस रुपये देतो, ते वेगळं. पण आत साडी वर करून बसायचं, कडी पण नसते, तिथं शेजारी कोणीतरी वेगळं उभं असलं की पोटात गोळा येतो. मी वाईट आहे का?
— सेल्सगर्ल, नवी पेठ, सोलापूर

नाही ओ, वाईट कशाला. परक्या माणसाजवळ कपडे सोडायचे म्हटल्यावर बाईला धाकधूक होणारच, लहानपणापासून आपल्याला तेच शिकवलंय आणि उगीच नाही शिकवलेलं. त्यामुळं तुम्हाला "असं वाटूच कसं शकतं" म्हणणाऱ्यांच्यात मी नाही.

पण तुम्ही जाता जाता लिहिलंय ना, कडी पण नसते, मला तर पत्रात तेच सगळ्यात मोठं वाटलं. कडी असती, दार खालपर्यंत असतं, दिवा लागत असता, तर शेजारच्या खणात कोण आहे याचं तुम्हाला काय पडलं असतं? ट्रेनमध्ये बघा की. सिद्धेश्वर एक्सप्रेसनं मुंबईला जाताना डब्याच्या टोकाला जो संडास असतो त्यावर कुठं लेडीज-जेंट्स लिहिलेलं असतं, पुरुष बाहेर आला की आपण आत जातो, कडी लावतो, संपलं. घाणीबद्दल बोटं मोडतो ते वेगळं, आणि त्याच घाणीमुळं मला बायकांची वेगळी सोय हवीच आहे, सगळं एकत्र करा असं मी अजिबात म्हणत नाही, कारण एकत्र केलेल्याची काय अवस्था होते ते आपण सगळ्यांनी बघितलंय.

आणखी एक बघा, त्याच लेडीजमध्ये झाडूवाला बादली घेऊन येतो, तिसरी-चौथीतल्या पोराला घेऊन आई येते, पैसे घेणारा तर दारातच बसलेला असतो. त्यांना आपण चालवून घेतो. मग ओरडा फक्त तिच्याच वाट्याला का?

तुमच्यासारख्याच अजून तीन-चार जणींनी लिहिलंय की उद्या कोणी पुरुष साडी नेसून आत येईल. आता कडी नसलेल्या संडासात घुसायला पुरुषाला साडी नेसायची गरजच काय, तो आज पण घुसू शकतो, खिडकीतनं मोबाइल आत धरू शकतो आणि असल्या केसेस झाल्यात पण. तो गुन्हा आहे, नव्या भारतीय न्याय संहितेत चोरून बघणं किंवा शूटिंग करणं याला कलम ७७ आहे, अश्लील हातवारे-शेरेबाजीला ७९. असं काही दिसलं तर ११२ ला फोन करा.

माझं मत विचाराल तर जी बाई म्हणून जगतेय तिनं लेडीजमध्ये जावं. तिनं पण आत बाकीच्यांसारखंच वागावं, लाइनीत उभं राहावं, काम उरकून बाहेर पडावं, तिथं पैसे मागू नयेत, कोणाच्या अंगचटीला जाऊ नये. तसं कोणी वागलंच, मग ती कोणीही असो, तर त्या वागण्याची तक्रार करा की. नुसती उभी होती म्हणून हाकलायचं हे काय पटत नाही बघा. जेंट्समध्ये पाठवायचं म्हटलं तर तिथं उघड्या भिंतीला पुरुष ओळीनं उभे, त्यात ही साडीत जाणार, काय काय ऐकून घ्यावं लागत असेल ते मी लिहायला नको.

मी तृतीयपंथी आहे. आधी गुरूंसोबत मंगती करायचे, म्हणजे दुकानांतनं पैसे मागायचे, आता सोडली, एका ठिकाणी नोकरी करते. बाहेर पडलं की सकाळपासनं पाणीच पीत नाही, कारण लेडीजमध्ये गेलं की बायका ओरडतात, जेंट्समध्ये गेलं की पुरुष मागं येतात. एका ठिकाणी तो माणूस म्हणतो तुमच्यासाठी वेगळं हाय तिकडं, जाऊन बघितलं तर कुलूप, आत झाडू आणि फिनाईलचे कॅन. कायदा आमच्या बाजूनं आहे असं सगळे म्हणतात, पण दारात उभं राहून त्याला मी काय सांगू?
— नाव छापू नका, विजापूर वेस

नाव नाही छापत. आधी कायदा सांगते, मग दारातलं.

१५ एप्रिल २०१४ ला सुप्रीम कोर्टाचा नालसाचा (राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणानं लावलेल्या केसचा) निकाल आला, न्यायमूर्ती राधाकृष्णन आणि सिक्री यांचा. तृतीयपंथी कार्यकर्त्या लक्ष्मीनारायण त्रिपाठी पण त्या केसमध्ये होत्या. माणूस स्वतःला पुरुष, स्त्री की तृतीयपंथी मानतो ते त्याचं त्यानं ठरवायचं असं त्यात म्हटलंय, आणि त्याच निकालात केंद्राला नि राज्यांना सांगितलंय की तृतीयपंथीयांसाठी दवाखान्यात नीट उपचार आणि वेगळी सार्वजनिक शौचालयं यांची सोय करा. मग एप्रिल २०१७ मध्ये केंद्राच्या पेयजल व स्वच्छता मंत्रालयानं स्वच्छ भारतच्या मार्गदर्शक सूचना काढल्या, त्यात तर सरळ लिहिलंय की तृतीयपंथी व्यक्तीला सार्वजनिक शौचालयात पुरुषांचं किंवा बायकांचं, तिला हवं ते वापरू द्यावं. आणि तृतीयपंथी व्यक्तींच्या हक्कांसाठीच्या २०१९ च्या कायद्याचं कलम १८, बाकीच्या लोकांना जिथं जाता येतं अशा सार्वजनिक जागेचा वापर करण्यापासून तृतीयपंथी व्यक्तीला अडवलं तर सहा महिने ते दोन वर्षं कैद आणि दंड.

आता बघा, "वेगळं बांधा" पण आहे आणि "हवं ते वापरू द्या" पण आहे. वेगळं बांधलंय म्हणून बाकीची दोन्ही दारं बंद, असं यात कुठंही नाही. पण जमिनीवर नेमकं तेच होतं, एक खण वेगळा काढायचा, बोर्ड रंगवायचा, फोटो काढायचा आणि आठ दिवसांत तिथं झाडू ठेवायचे. म्हणजे उपासाच्या दिवशी जेवायला बोलवल्यासारखं, आमंत्रण पण दिलं आणि ताटात काय पडलं पण नाही. दिल्लीत दुसरा मार्ग काढला, मेट्रोनं २०२१ मध्ये अपंगांसाठीची ३४७ टॉयलेट्स तृतीयपंथीयांना पण वापरायला खुली केली. पटकन होणारी गोष्ट आहे, दार रुंद, कडी आत, एकटं जाता येतं. फक्त व्हीलचेअरवाल्या माणसाला त्यापायी ताटकळत राहावं लागू नये, आपल्याकडं तर त्यांच्याही खणाला कुलूपच असतं.

दारात वाद घालू नका, तो पगारी माणूस, त्याला कलम १८ माहीत नसतंय आणि जमलेली माणसं तुमच्यावरच उलटतील. शांतपणे ठेकेदाराचं नाव विचारा, बाहेर बोर्ड असला तर त्याचा फोटो घ्या (आतला नको, बाहेरचाच), तारीख-वेळ लिहून ठेवा आणि महापालिका आयुक्तांच्या नावानं लेखी अर्ज द्या, आवक-जावकचा शिक्का घेऊन. शिक्का मारलेली कॉपी हातात असली की पुढं बोलायला बरं पडतं. कुलूपबंद खणाचा पण त्याच अर्जात उल्लेख करा, कोणाच्या ताब्यात आहे, चावी कोणाकडं, कधी उघडणार. अंगावर हात टाकला असेल तर मात्र अर्ज वगैरे नंतर, आधी पोलीस स्टेशन.

आणि पाणी प्या हो. तुमचं पत्र वाचून मला पहिल्या पत्रातल्या दुकानाची आठवण झाली, तिथल्या पोरी पण दुपारपर्यंत पाणी टाळत असणार, कंडक्टर बायका टाळतात, भाजी घेऊन बसणाऱ्या मावशा टाळतात, बिडीचा माल द्यायला कारखान्यात जाणाऱ्या बायका टाळतात. लघवीला जळजळ झाली की मग सिव्हिलला लाइन. तुमच्यावर ओरडणारी ती बाई पण बहुतेक यातलीच एक असेल, आणि एवढ्या मोठ्या बाजाराला इतकुसे खण असल्यावर ती लाइनीत पुढच्यावर चिडणार, नेमक्या तुम्ही पुढं होतात.

चादर-टॉवेलचं होलसेल दुकान आहे. गेल्या दिवाळीपासून एक तृतीयपंथी कामाला ठेवलीय, हिशोबाला एकदम चोख, ग्राहकाशी पण गोड. पण बाकीच्या बायका म्हणतात आमचं टॉयलेट तिला देऊ नका. आमच्याकडं दोनच आहेत, एक जेंट्स एक लेडीज, प्रत्येकी एकच सीट. तिसरं बांधायला जागा नाही. काय करू?
— व्यापारी, मंगळवार पेठ

शेठ, तुमचा प्रश्न सगळ्यात सोपा. एक-एकच सीट आहे ना? मग दोन्ही पाट्या काढा. एका वेळी एकच माणूस आत जाणार, आतनं कडी लावणार, तिथं लेडीज-जेंट्स लिहून काय मिळतंय. तृतीयपंथीयांच्या त्याच कायद्याखालच्या २०२० च्या नियमांत तर कामाच्या ठिकाणी कोणीही वापरावं अशा कॉमन टॉयलेटचाच उल्लेख आहे. बायकांना जेंट्सच्या घाणीची भीती असेल तर ती खरी आहे, त्यासाठी दिवसातून दोनदा साफ करायला माणूस लावा आणि सॅनिटरी पॅडसाठी झाकणाचा डबा ठेवा. किंवा एक फक्त बायकांचं ठेवा ज्यात ती पण येईल, पण मग बाकीच्यांशी तुम्ही स्वतः बसून बोला, तिला निरोप देऊन "तू जरा ॲडजस्ट कर" असं नको. आणि कायद्यानं प्रत्येक आस्थापनेत तक्रार ऐकणारा एक माणूस नेमायचा असतो, तो नेमलाय का?

भाचा पुण्याला असतो, त्यानं व्हॉट्सॲपवर पाठवलंय की इंग्लंडच्या कोर्टानं ठरवलं बाई म्हणजे जन्मानं बाई तीच, अमेरिकेत पण असाच कायदा आहे, आता भारतात पण लागू होणार. खरं का?
— निवृत्त शिक्षक, जुळे सोलापूर

सर, अर्धं खरं. १६ एप्रिल २०२५ ला ब्रिटनच्या सुप्रीम कोर्टानं निकाल दिला हे बरोबर. तो तिथल्या २०१० च्या समानता कायद्यातल्या शब्दांबद्दल आहे, त्या कायद्यात बाई म्हणजे जन्मानं बाई असा अर्थ घ्यायचा असं पाचही न्यायाधीश एकमतानं म्हणाले. मूळ भांडण संडासाचं नव्हतंच, स्कॉटलंडमधल्या सरकारी मंडळांवर किती बायका असाव्यात या कायद्यावरनं सुरू झालं होतं, संडासाचा वाद त्यातनं पुढं पेटला. त्याच निकालात तृतीयपंथीयांना भेदभावापासून मिळणारं संरक्षण कायम आहे असंही लिहिलंय, ते बहुतेक भाच्याच्या मेसेजमध्ये नसेल.

अमेरिकेत सगळीकडं एक कायदा नाही, राज्याराज्यात वेगळं. नॉर्थ कॅरोलायनानं मार्च २०१६ मध्ये सरकारी इमारतींत जन्मदाखल्यावर जे लिंग असेल तेच संडास वापरायचं असा कायदा केला, तर बास्केटबॉलच्या एनबीएनं २०१७ चा मोठा ऑलस्टार सामना शार्लटहून न्यू ऑर्लीन्सला हलवला, कंपन्यांनी पण काढता पाय घेतला, आणि वर्षभरात ते कलम मागं घ्यावं लागलं. मला तर त्यातलं एक कधीच कळलं नाही, दारात जन्मदाखला तपासणार कोण? आणि उंच, आवाज जाड, केस कापलेली अशी जन्मानं बाई असलेलीच एखादी आली तर तिला पण बाहेर काढणार का?

तिथला निकाल इथं लागू होत नाही. इथं आपलं नालसा आहे. आणि सर, आपल्या जिल्ह्यात माळशिरस तालुक्यातल्या तरंगफळ गावानं २०१७ मध्ये ज्ञानेश्वर कांबळे या तृतीयपंथी उमेदवाराला थेट सरपंच म्हणून निवडून दिलं होतं, ते पण भाच्याला पाठवा की.

माझी मुलगी, म्हणजे आता मुलगाच म्हणायचं, बारावीनंतर केस कापले, शर्ट-पँट घालतो, नाव बदललंय. मिशी पण यायला लागलीय. कॉलेजात लेडीजमध्ये गेला तर पोरी किंचाळतात, जेंट्समध्ये बंद खण एकच आणि त्याची कडी तुटलेली. दिवसभर जात नाही, घरी येऊन पळत सुटतो. त्याच्या वडिलांशी मी हे बोलूच शकत नाही.
— एक आई, अशोक चौक

ताई, या सगळ्या पत्रांत तुमच्या मुलासारख्यांचा विचार कोणीच केलेला नाही, सगळे साडीवाल्यांवरच भांडतायत. जे म्हणतात जन्माला आले तसं जावं, त्यांच्या हिशोबानं तुमच्या मिशीवाल्या पोरानं लेडीजमध्ये जायला पाहिजे, आणि तिथल्या पोरींना ते चालत नाहीये हे तुम्हीच लिहिलंय.

त्यानं जेंट्समधला बंद खण वापरावा, आणि कडीचं काम महागाचं नाही, कॉलेजच्या मेंटेनन्सवाल्याला सांगून करून घ्यायचं. त्यासाठी मुलाचं सगळं सांगायची गरज नाही, कडी तुटलीय एवढंच पुरे, ती सगळ्याच पोरांना लागते. स्टाफचं एखादं एकट्यानं वापरायचं टॉयलेट असेल तर वर्गशिक्षकांकडून परवानगी मिळते का बघा. इतके तास धरून ठेवतोय तर एकदा डॉक्टरांना दाखवून लघवीची तपासणी करून घ्या. वडिलांचं आत्ता राहू दे. आणि कॉलेजला किती सांगायचं, सांगायचं का नाही, हे आधी त्याला विचारा, तो नको म्हणाला तर तुम्ही परस्पर प्रिन्सिपलच्या केबिनमध्ये जाऊ नका.